सतरा आठवड्यांची मोहीम

जनरल एरिक मार्क्स यांनी ऑगस्ट १९४० मध्ये सोव्हिएत युनियनवरच्या आक्रमणाचा पहिला आराखडा तयार केला, तेव्हा त्यांनी मोहिमेला नऊ ते सतरा आठवडे पुरतील असे धरले होते. त्याच वर्षी १८ डिसेंबरला हिटलरने आदेश क्रमांक २१ वर सही केली आणि मोहिमेला ‘बार्बारोसा’ हे नाव मिळाले. त्या आदेशाचाही गाभा हाच होता: इंग्लंडशी चाललेले युद्ध संपण्याची वाट न पाहता एका झटपट मोहिमेत सोव्हिएत युनियनला लोळवायचे. २२ जून १९४१ च्या पहाटे तीस लाखांहून अधिक जर्मन सैनिक, तीन हजारांहून जास्त रणगाडे आणि सहा लाखांवर घोडे सरहद्द ओलांडून आत शिरले. युद्ध संपायला पुढे जवळजवळ चार वर्षे लागली, आणि ते बर्लिनमध्ये संपले. असे का झाले, याची उत्तरे आपल्या ओळखीची आहेत. रशियाची थंडी, हिटलरचा हट्ट, रशियाकडची अगणित माणसे, अमेरिकेची मदत. यातल्या प्रत्येक उत्तरात तथ्य आहे, पण त्यातले एकही मुळापर्यंत जात नाही. माझ्या मते जर्मन सैन्य हरले, कारण त्याने आखलेले सगळे युद्ध एकाच गृहीतकावर उभे होते. पहिल्या जबर तडाख्यात सोव्हिएत राज्य कोसळेल, हे ते गृहीतक. राज्य कोसळले नाही, आणि मग काय करायचे याची तयारी बर्लिनमध्ये कोणीच केलेली नव्हती.

हे गृहीतक एकट्या हिटलरच्या डोक्यातून निघाले, असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. १९४० मध्ये फ्रान्ससारखे बलाढ्य राष्ट्र सहा आठवड्यांत गुडघे टेकताना जर्मन सेनापतींनी पाहिले होते. पहिल्या महायुद्धात रशियाची झारशाही आतूनच पोखरून पडली, ही आठवणही ताजी होती. १९३७-३८ मध्ये स्टालिनने स्वतःच्याच सैन्याची कत्तल केली होती. मार्शल तुखाचेव्हस्कीसारखा युद्धशास्त्राचा थोर अभ्यासक गोळी घालून मारला गेला होता आणि हजारो अधिकारी तुरुंगात वा मसणात गेले होते. पुढे १९३९-४० च्या हिवाळ्यात चिमुकल्या फिनलंडने लाल सेनेला अक्षरशः घाम फोडला. या पुराव्यांवरून लाल सेना कमकुवत आहे असा निष्कर्ष काढणे समजण्यासारखे आहे. पण त्या निष्कर्षावर वंशश्रेष्ठतेचा मुलामा चढला आणि तपासणीच थांबली. स्लाव्ह माणूस लढू शकत नाही, बोल्शेविक राज्यावर कोणाचीच निष्ठा नाही, हे जणू सिद्ध झालेले मानले गेले. भूदलाच्या जनरल स्टाफचे प्रमुख फ्रान्त्स हाल्डर यांनी ३ जुलैला, म्हणजे बाराव्या दिवशी, मोहीम जवळजवळ जिंकल्याची नोंद डायरीत केली. त्याच डायरीत ११ ऑगस्टला ते लिहितात की आपण शत्रूच्या सुमारे २०० डिव्हिजन धरल्या होत्या आणि आताच ३६० मोजल्या आहेत. या दोन नोंदींमध्ये सहा आठवड्यांचेही अंतर नाही. त्या काळात सोव्हिएत राज्य लक्षावधी राखीव सैनिकांना गणवेश चढवत होते. जूनअखेरपर्यंतच सुमारे पन्नास लाख माणसे बोलावली गेली होती. एक सैन्य संपले की त्यामागे दुसरे उभे राहत होते, आणि जर्मन हिशेबात या दुसऱ्या सैन्याला जागाच नव्हती.

गृहीतक चुकले की त्याची किंमत आधी रसदीत मोजावी लागते. जर्मन नियोजकांना ठाऊक होते की सरहद्दीपासून साधारण ५०० किलोमीटरपर्यंत ट्रकांनी माल पोचवता येईल, त्यापुढे रेल्वेवाचून गत्यंतर नाही. म्हणून त्यांनी ठरवले की लाल सेना द्विना आणि द्नीपर या नद्यांच्या अलीकडेच गारद करायची. पुढे फक्त पाठलाग उरेल. रेल्वेचा प्रश्न किती अवघड होता, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. रशियन रुळांची रुंदी १,५२४ मिलिमीटर, जर्मन रुळांची १,४३५. फरक ८९ मिलिमीटरचा, जेमतेम चार बोटांचा. एका बाजूच्या रुळाचे खिळे उपटायचे, रूळ आत सरकवायचा आणि पुन्हा ठोकायचा. जर्मन रेल्वे तुकड्या हे काम बऱ्यापैकी वेगाने करत होत्या. घोडे अडत होते दुसरीकडेच. रशियन इंजिने मोठी, पाणी आणि कोळसा जास्त वाहणारी, त्यामुळे पाणी भरण्याची ठाणी एकमेकांपासून लांब होती. जर्मन इंजिन एका ठाण्यावरून दुसऱ्यापर्यंत पोचण्याआधीच कोरडे पडायचे. म्हणजे रूळ सरकवून भागणारे नव्हते, मध्ये नवी ठाणी बांधायला हवी होती. ती बांधायची तर माणसे, पाइप आणि पंप हवेत, आणि तेही त्याच रुळांवरून यायला हवेत. माघार घेणाऱ्या सोव्हिएत रेल्वे कर्मचाऱ्यांनी इंजिने आणि डबे पूर्वेला नेले होते, नेता आले नाहीत ते मोडले होते. ट्रकांची गोष्ट याहून वेगळी नव्हती. सगळ्या युरोपातून गोळा केलेले शेकडो प्रकारचे ट्रक होते. फ्रेंच ट्रकाचा सुटा भाग जर्मन ट्रकाला बसत नव्हता आणि रशियाच्या कच्च्या रस्त्यांवरच्या धुळीने इंजिने खाल्ली जात होती. पुढच्या रणगाड्यांच्या तुकड्या आणि मागून पायी येणारे घोडागाड्यांसह पायदळ यांच्यातले अंतर वाढत गेले. स्मोलेन्स्कपाशी जुलै ते सप्टेंबर लाल सेनेने जे कडवे प्रतिहल्ले चढवले, ते बहुतेक फसले, त्यात तिची भयंकर हानी झाली; पण जर्मनांना तिथे थांबावे लागले. सतरा आठवड्यांच्या मोहिमेत असा थांबा परवडणारा नव्हता.

आता थंडीचा मुद्दा. मॉस्कोसमोर जर्मन सैनिक गारठून गेले, त्यांची शस्त्रे आखडली, हजारोंची बोटे गेली, हे खरे आहे. पण त्यांच्या अंगावर उबदार कपडे का नव्हते, हा प्रश्न विचारला की आपण पुन्हा त्याच गृहीतकापाशी येतो. हिवाळ्यापूर्वी युद्ध संपणार आणि ताब्यातल्या प्रदेशात थोड्याच डिव्हिजन मागे राहणार, म्हणून गरम कपड्यांची तरतूदही तेवढ्यापुरतीच केली होती. जे कपडे होते तेही मागच्या कोठारांत अडकले, कारण त्या शरद ऋतूत प्रत्येक गाडीत दारूगोळा चढवायचा की डगले, अशी निवड करावी लागत होती आणि मॉस्को घ्यायचेच म्हणून दारूगोळा निवडला गेला. कडाका वाढला तेव्हा, बॉयलरबाहेर पाण्याच्या नळ्या असलेली जर्मन इंजिने मोठ्या संख्येने फुटली. गोबेल्सने जर्मन घराघरांतून लोकरीचे कपडे गोळा करण्याचे आवाहन केले ते डिसेंबरच्या विशीत, मॉस्कोसमोरची माघार सुरू झाल्यानंतर. शिवाय ही माघार सुरू होण्याच्या आधीच, नोव्हेंबरअखेरपर्यंत, पूर्वेकडच्या जर्मन सैन्याने सात लाखांहून अधिक माणसे ठार, जखमी वा बेपत्ता म्हणून गमावली होती. मूळ सैन्याचा हा जवळजवळ चौथा हिस्सा होता आणि त्यांच्या जागी द्यायला पुरेसे राखीव नव्हते. थंडी दोन्ही बाजूंना सारखीच होती. ५ डिसेंबरला लाल सेनेने ज्या ताज्या फौजांनिशी प्रतिहल्ला केला, त्या फौजा अस्तित्वातच नाहीत असे जर्मन गुप्तवार्ता विभाग तोवर सांगत होता.

हिटलरवर ठपका ठेवणारे उत्तर याहून पक्के वाटते, कारण त्याला मोठ्या सेनापतींची साक्ष आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये हिटलरने मॉस्कोवरची चाल थांबवून रणगाडे दक्षिणेला कीव्हकडे वळवले. ते न वळवता सरळ मॉस्को घेतले असते तर युद्ध तिथेच संपले असते, असे हाल्डर आणि गुडेरियन अखेरपर्यंत सांगत राहिले. पण त्या वेळची परिस्थिती पाहा. मध्य आघाडीच्या दक्षिण बगलेवर कीव्हभोवती प्रचंड सोव्हिएत फौज उभी होती. तिला तसेच सोडून पुढे जाणे म्हणजे कुशीत सुरी ठेवून झोपणे होते. कीव्हच्या वेढ्यात जर्मनांनी ६,६५,००० कैदी मोजले. इतकी मोठी फौज मागे राहिली असती तर मॉस्कोवरच्या चढाईचे काय झाले असते, याचे उत्तर या सेनापतींनी कुठे दिलेले नाही. आणि ऑगस्टमध्ये मॉस्कोपर्यंतची चढाई पेलेल इतकी रसद रेल्वेने पुढे पोचतच नव्हती. हिटलरच्या चुका खऱ्या आणि पुढे त्या वाढतच गेल्या. १९ डिसेंबर १९४१ ला त्याने भूदलाचे सेनापतिपद स्वतःकडे घेतले, तेव्हापासून अकाली माघारीवर बंदी हे धोरणच झाले. पण चुकणारा हिटलर ज्या आराखड्यावर चुकत होता तो आराखडा याच सेनापतींनी आखला होता. युद्धानंतर हाल्डर अमेरिकन लष्कराच्या इतिहास विभागासाठी अनेक वर्षे काम करत होते आणि माजी जर्मन अधिकाऱ्यांच्या आठवणी त्यांच्या देखरेखीखाली लिहिल्या जात होत्या. हिटलर मेला होता, तो उत्तर द्यायला येणार नव्हता. पश्चिमेकडच्या दोन पिढ्यांनी पूर्व आघाडीचा इतिहास शिकला तो मुख्यतः हरलेल्यांच्या तोंडून.

‘रशियाकडे माणसे आणि साधने अगणित होती, जर्मनी बुडणारच होता’ हे उत्तरही आकडे पाहिले की डळमळते. १९४१ अखेर सोव्हिएत युनियनने आपली पश्चिमेकडची सर्वांत सुपीक आणि कारखान्यांनी गजबजलेली जमीन गमावली होती. पोलाद, कोळसा आणि धान्य यांचा फार मोठा वाटा तिथेच होता. १९४२ मध्ये देशाचे पोलाद उत्पादन जेमतेम ८० लाख टनांवर आले, तर जर्मनीच्या हाती त्याच्या तिपटीहून अधिक पोलाद होते. तरी त्या वर्षी सोव्हिएत कारखान्यांतून सुमारे २४ हजार रणगाडे बाहेर पडले आणि जर्मन कारखान्यांतून, स्वयंचलित तोफा धरूनही, त्याच्या पावपटीच्या आसपास. याचे श्रेय जमिनीखालच्या खनिजांना नाही, संघटनेला आहे. आक्रमणाला दोनच दिवस झाले असताना, २४ जूनला, मॉस्कोत कारखान्यांच्या स्थलांतरासाठी परिषद नेमली गेली. वर्षअखेरपर्यंत १,५०० हून अधिक उद्योग यंत्रांसकट रेल्वेने उरल, सायबेरिया आणि मध्य आशियात हलवले गेले. खारकोव्हचा रणगाड्यांचा कारखाना निझ्नी तागिलला गेला आणि डिसेंबरमध्येच तिथे टी-३४ जोडले जाऊ लागले. लेनिनग्राडच्या किरोव्ह कारखान्याचा मोठा भाग आणि खारकोव्हचा डिझेल इंजिनांचा कारखाना चेल्याबिन्स्कला एकत्र आले. कामगारांत बायका, म्हातारे, चौदा-पंधरा वर्षांची मुले होती. उपासमार, कडक शिक्षा आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या यांतून ते रणगाडे निघत होते. टी-३४ चे भाग दर महिन्याला सोपे केले जात होते आणि दोन वर्षांत त्याचा उत्पादनखर्च निम्म्यावर आला. जर्मनीने मात्र १४ जुलै १९४१ ला, विजय हातात आलाच असे समजून, शस्त्रनिर्मितीचा भर भूदलाकडून विमाने आणि पाणबुड्यांकडे वळवण्याचा आदेश काढला. अर्थव्यवस्था खऱ्या अर्थाने दीर्घ युद्धाला जुंपली गेली ती त्यानंतर, शस्त्रास्त्रमंत्री श्पेअरच्या हाती कारभार आल्यावर. तोवर हुकलेला वेळ पुढे भरून निघाला नाही.

राज्य का कोसळले नाही, याचे दुसरे कारण जर्मनीने स्वतःच पुरवले. युक्रेन आणि बाल्टिक प्रदेशातल्या कित्येक गावांनी जर्मनांचे स्वागत केले होते. सामूहिक शेतीने आणि १९३२-३३ च्या दुष्काळाने पोळलेल्या माणसांना स्टालिनबद्दल प्रेम असण्याचे कारण नव्हते. लाखो सोव्हिएत नागरिकांनी जर्मनांची नोकरीही पत्करली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण जर्मनी मुक्तिदाता म्हणून आलाच नव्हता. मे १९४१ मध्ये बर्लिनच्या सचिवांच्या बैठकीत ठरले होते की सैन्य रशियाच्याच धान्यावर पोसायचे आणि त्यामुळे कोट्यवधी माणसे उपाशी मरतील हे गृहीत धरायचे. जूनच्या कमिसार आदेशाने राजकीय अधिकाऱ्यांना पकडताच गोळ्या घालण्याची मुभा नव्हे, आज्ञा दिली. ज्यूंची कत्तल पहिल्या दिवसांपासून सुरू झाली. कीव्हजवळच्या बाबी यार दरीत सप्टेंबरअखेर दोन दिवसांत ३३ हजारांहून जास्त ज्यू मारले गेले. १९४१ मध्ये पकडलेल्या तीसेक लाख युद्धकैद्यांपैकी सुमारे वीस लाख पुढच्या फेब्रुवारीपर्यंत उघड्या मैदानावरच्या काटेरी कुंपणांत भूक, थंडी आणि टायफसने मेले. सामूहिक शेती मोडली जाईल या आशेवर असलेल्या शेतकऱ्यांना कळले की धान्य ओरबाडायला सोपे म्हणून जर्मनांनी तीच व्यवस्था चालू ठेवली आहे. शरण जाण्याचा मार्गच बंद झाला. सोव्हिएत सैनिक केवळ पाठीमागच्या पिस्तुलाच्या धाकाने लढला, असा आक्षेप घेतला जातो. स्टालिनच्या जुलै १९४२ च्या आदेश क्रमांक २२७ ने एक पाऊलही मागे न हटण्याचे फर्मान सोडले आणि त्यामागे धाक होता हे उघड आहे. पण धाकाने माणूस खंदकात उभा राहतो. घर नसलेल्या शहरात, एका भिंतीआडून दुसरीकडे सरपटत, महिनोन्‌महिने लढत नाही. समोरचा शत्रू आपल्याला जिवंत ठेवणार नाही, हे कळलेला माणूस तसा लढतो.

१९४२ च्या उन्हाळ्यात जर्मनीने पुन्हा एकदा त्याच गृहीतकावर डाव लावला, या खेपेस तेलासाठी. दक्षिणेतल्या मोहिमेने जुलैच्या अखेरीस दोन वाटा धरल्या: एक कॉकेशसच्या तेलविहिरींकडे, दुसरी व्होल्गाकाठच्या स्टालिनग्राडकडे. मायकोप हाती आले तेव्हा तिथल्या विहिरी सोव्हिएत अभियंत्यांनी निकामी केलेल्या होत्या. ग्रोझ्नी आणि बाकू हाती आलेच नाहीत. स्टालिनग्राडच्या गल्ल्यांत सहावी सेना अडकली आणि तिच्या लांबच लांब बगला, पुरेशा रणगाडाभेदी तोफाही नसलेल्या रुमानियन फौजांवर सोपवल्या गेल्या. १९ नोव्हेंबरला लाल सेनेने नेमके तिथेच दार फोडले आणि चार दिवसांत कालाचजवळ वेढा पूर्ण केला. आत अडीच लाखांवर माणसे होती. रोज किमान ३०० टन माल विमानांनी पोचवायला हवा होता, सरासरी पोचला शंभराच्या आसपास. सहाव्या सेनेचे सेनापती फ्रीडरिश पाउलुस यांनी १९४० च्या डिसेंबरात याच मोहिमेचा नकाशावरचा सराव करून घेतला होता. ३१ जानेवारी १९४३ ला ते शरण गेले. कैद झालेल्या सुमारे ९१ हजारांपैकी पाच-सहा हजारच पुढे घरी परतले. या लढाईचे पडसाद मुंबईच्या कामगार वस्त्यांपर्यंत आले. अण्णाभाऊ साठे यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा त्याच काळातला आहे.

स्टालिनग्राडमध्ये लढलेली लाल सेना १९४१ च्या जूनमधली राहिलेली नव्हती, हे ध्यानात घ्यायला हवे. स्टालिनने कीव्ह सोडायला नकार देऊन आणि मे १९४२ मध्ये खारकोव्हची फसलेली चढाई रेटून लाखो माणसे घालवली होती. पण त्यातून तो शिकला. ऑक्टोबर १९४२ मध्ये कमिसारांचा लष्करी निर्णयांतला समान अधिकार रद्द झाला, सेनापती झुकोव्ह आणि व्हासिलेव्हस्की यांना योजना आखायला मोकळीक मिळाली आणि गोळी घातलेल्या तुखाचेव्हस्कीने मांडलेला खोलवर मुसंडी मारण्याचा विचार पुन्हा वापरात आला. इकडे हिटलर सेनापतींवरचा विश्वास उलट गमावत चालला होता. दोन्ही हुकूमशहांच्या वाटा इथे विरुद्ध दिशांना गेल्या आणि त्याचा परिणाम १९४३ च्या जुलैत कुर्स्कला दिसला. तिथे लाल सेनेने आधी जर्मनांना थोपवले, मग ती पुढे सरकली, आणि त्यानंतर पूर्वेला जर्मनीने पुन्हा मोठी चढाई करून पुढाकार मिळवला असे झाले नाही.

अमेरिकेच्या मदतीचा मुद्दा टाळता येणार नाही, टाळूही नये. चार लाखांच्या आसपास ट्रक आणि जीप, सुमारे १,९०० रेल्वे इंजिने, डबाबंद मांस, विमानांचे इंधन, टेलिफोनच्या तारा हे सारे अमेरिकेतून आले. त्यातला मोठा हिस्सा इराणमार्गे आला, आणि ऑगस्ट १९४१ मध्ये तो मार्ग खुला करणाऱ्या ब्रिटिश फौजेत भारतीय डिव्हिजन होत्या. या ट्रकांशिवाय लाल सेना १९४४ मध्ये इतक्या वेगाने बर्लिनकडे धावू शकली नसती. मात्र मदतीचा बहुतांश भाग १९४३ पासून पुढे पोचला. मॉस्को वाचले तेव्हा आणि स्टालिनग्राडचा वेढा पडला तेव्हा बोजा प्रामुख्याने सोव्हिएत कारखान्यांवरच होता. अमेरिकेच्या ट्रकांनी विजय जवळ आणला, पराभव टळला तो त्याआधीच. जून १९४४ मध्ये बेलारूसमध्ये लाल सेनेची ‘बाग्रातिऑन’ मोहीम सुरू झाली तेव्हा सोव्हिएत कारखाने आणि अमेरिकन ट्रक हे दोन्ही एकत्र आले. जर्मन सेनापती हल्ल्याची वाट युक्रेनमध्ये पाहत होते, कारण सोव्हिएत बाजूने तसा पद्धतशीर देखावा उभा केला होता. बोब्रुइस्कजवळच्या दलदलीत, जिथून रणगाडे येणे अशक्य मानले जात होते, रोकोसोव्हस्कीच्या फौजांनी झाडांचे ओंडके आडवे अंथरून रस्ते केले आणि त्यावरून रणगाडे आणले. हा रोकोसोव्हस्की १९३७ मध्ये अटक होऊन जवळजवळ तीन वर्षे तुरुंगात होता. काही आठवड्यांत जर्मन मध्य आघाडीच्या २८ डिव्हिजन नाहीशा झाल्या. १७ जुलैला सुमारे ५७ हजार जर्मन कैद्यांना मॉस्कोच्या रस्त्यांवरून चालवले गेले आणि मागून पाण्याचे टँकर रस्ते धूत गेले.

या युद्धाची किंमत मोजताना विजयाचा गजर करणे मला जमत नाही. सुमारे २ कोटी ७० लाख सोव्हिएत माणसे गेली, त्यातली निम्म्याहून अधिक सैनिक नव्हती. यातल्या कित्येक जीवांचा दोष स्टालिनच्या आंधळेपणावर आहे. आक्रमणाच्या इशाऱ्यांकडे त्याने शेवटच्या रात्रीपर्यंत दुर्लक्ष केले. पण मूळ प्रश्न जर्मन सैन्य का हरले हा होता, आणि त्याचे उत्तर मॉस्कोच्या बर्फात नाही. ते १९४० च्या हिवाळ्यात त्सोसेनच्या भूदल मुख्यालयातल्या आणि बर्लिनमधल्या टेबलांवर शांतपणे आखलेल्या कागदांत आहे. त्या कागदांनी शत्रूचे सैन्य मोजले, त्याचे राज्य आणि त्याची माणसे मोजली नाहीत. युद्धात मेलेल्या जर्मन सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पूर्व आघाडीवर मेले. आणि ज्या बेलारूसमधून ते आले आणि परत हाकलले गेले, त्या भूमीने आपला जवळजवळ दर चौथा माणूस गमावला.